पुस्तकातला माणूस खऱ्या गावात कसा शोधायचा?

आटपाडी किंवा वाळवा तालुक्यात बाहेरचा माणूस एखाद्या पुस्तकाचं नाव काढून आला, की चहा यायच्या आत माहिती यायला लागते. ‘त्यातला तो अमका आमच्या चुलत्यांच्या शेजारी राहायचा.’ लगेच पलीकडून दुसरा म्हणतो, ‘न्हाई ओ, त्यो हितला न्हवंच. खालच्या वाडीचा.’ दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात. गंमत म्हणजे पुष्कळदा दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघतं.

कथा-कादंबरीतलं पात्र कुठल्या खऱ्या माणसावरून आलं, गाव कुठल्या गावावरून, प्रसंग कुठल्या घटनेवरून, याचा माग काढणं हा वाचकांचा जुना छंद. वरवर हा भोचकपणा वाटतो आणि बऱ्याचदा तो तसा असतोही. पण नीट केला तर नुसत्या वाचनात न कळणारी एक गोष्ट कळते: लेखकाने खऱ्यातलं काय उचललं, काय सोडलं आणि पदरचं काय घातलं. माझ्या मते मूळ सापडलं की काम निम्मंच झालेलं असतं. खरी मजा मूळ आणि पुस्तक यांच्यातल्या फरकात आहे. आता तो फरक बघायचा तर मूळ खात्रीचं हवं, ऐकीव चालत नाही.

या शोधाला सांगली-साताऱ्याइतका सोयीचा मुलूख क्वचित मिळेल. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश इथला, अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगाव इथलं, गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर इथलं. म्हणून उदाहरणं इथलीच घेतो.

आधी नकाशा जुना करून घ्या

आटपाडीतल्या १९४०च्या आसपासच्या एखाद्या माणसाची नोंद शोधायला कोणी सांगलीच्या जिल्हा कचेरीत गेला, तर तो हात हलवत परत येण्याचीच शक्यता जास्त. कारण त्या काळी आटपाडी सांगलीत नव्हतीच. सांगली हा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि आसपासची विलीन झालेली संस्थानं मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी वाळवा तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात आणि आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होती. आज एका एसटीच्या तिकिटात जो जिल्हा पार होतो, त्यात तेव्हा निदान तीन वेगळी सरकारं होती, तितकेच वेगळे कायदे आणि तितकीच वेगळी दप्तरं.

औंध संस्थान तर सलगही नव्हतं. बहात्तर गावांचं राज्य, पण औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, मध्ये दुसऱ्यांचा मुलूख. १९४८ मध्ये ते विलीन झालं.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण कुठलं पुस्तक कुठल्या कागदांशी ताडून बघायचं हे यावरूनच ठरतं. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतल्या मास्तरचा धनी कलेक्टर नाही, पंतसरकार आहेत. अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ ज्या सत्तेशी झुंजतो ती संस्थानी नाही, गोऱ्यांची आहे. दोन्ही पुस्तकं आज ‘सांगली जिल्ह्यातली’ म्हणून एका कपाटात बसतात. त्यांचं मूळ शोधणाऱ्याला मात्र दोन वेगळ्या गावांच्या वाटा धराव्या लागतात.

वाडीचं नाव आणि वाडी

‘बनगरवाडी’ १९५५ची. तरुण मास्तर नेमणूक घेऊन धनगरांच्या एका आडबाजूच्या वाडीत जातो, बंद पडल्यासारखी शाळा सुरू करतो, गावकऱ्यांकडून तालीम बांधून घेतो आणि शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते. ही वाडी कुठली?

पहिला सापळा इथेच आहे. माण तालुक्यात बनगरवाडी नावाचं गाव खरोखर आहे. नकाशावर नाव दिसलं की माणसाला वाटतं, सापडलं! पण कादंबरीकाराने गावाचं खरं नाव जसंच्या तसं ठेवलंच असेल, हे गृहीत का धरायचं? बहुतेक लेखक नेमकं नावच आधी बदलतात. आटपाडी भागातले लोक या कादंबरीचं मूळ म्हणून निंबवड्याजवळची लेंगरेवाडी दाखवतात. नावं बाजूला ठेवून बाकीचं जुळवून बघितलं, तर हा दावा जास्त वजनदार वाटतो: वाडी संस्थानी मुलखात हवी, वस्ती मेंढपाळांची हवी आणि लेखकाच्या ओळखीच्या वाटेवर हवी. माडगुळं आटपाडी तालुक्यातलंच.

नाव बदलतानाही माडगूळकरांनी त्याची घडण ठेवली, हे बघण्यासारखं आहे. लेंगरे काय, बनगर काय, दोन्ही आडनावं आणि पुढे वाडी. एका भावकीने वसवलेली वस्ती, म्हणजे गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस दुसऱ्याचा कोणीतरी लागतो. मास्तर तिथे उपरा का वाटतो आणि कारभाऱ्याचा शब्द का चालतो, ते या बांधणीतून येतं. लेखकाने नाव झाकलं आणि जे कथेला लागणार होतं ते उघडं ठेवलं.

आता तालमीचा प्रसंग घ्या. गावकरी अंगमेहनतीने तालीम उभी करतात आणि तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राजा वाडीत येतो. आजच्या वाचकाला हे जरा परीकथेसारखं वाटतं. एवढ्याशा वाडीत, एका तालमीसाठी, राजा? पण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी कोण होते हे माहीत असलं की प्रसंग एकदम जमिनीवर येतो. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला हा माणूस. स्वतः रोज घालायचा, त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. अशा राजाला तालमीचं आमंत्रण गेलं तर तो येणारच. दुसऱ्या संस्थानात हीच गोष्ट ओढूनताणून आणलेली वाटली असती, औंधात ती सहज घडण्यासारखी आहे. इथे मूळ व्यक्ती नाव न सांगता ओळखू येते, कारण तिचं वागणं एकमेवाद्वितीय आहे.

पण याच कादंबरीत एका बैलाच्या जोडीला घरची बाई जू खांद्यावर घेते, तो प्रसंग? तो कुठल्या घरात घडला, कोणत्या साली, हे शोधायला निघालात तर कागद मिळणार नाही. तलाठी पीक लिहितो, जमीन लिहितो. औत कोणी ओढलं ते लिहीत नाही. अशा वेळी ‘या भागात, या परिस्थितीत हे होऊ शकत होतं’ एवढ्यावर थांबावं लागतं. काही गोष्टींचं मूळ एका घरात असतं, काहींचं सगळ्या मुलखात.

आणि मास्तर स्वतः? कादंबरीतला राजाराम विठ्ठल सौंदणीकर म्हणजेच व्यंकटेश माडगूळकर, असं अर्ध्याहून जास्त वाचक धरून चालतात. माडगूळकरांनी तरुण वयात मास्तरकी केली होती, त्यामुळे मोह होतोच. पण लेखकाने मुद्दाम दुसरं आडनाव दिलं आहे. ‘मी’ म्हणणारा आणि लिहिणारा यांच्यात ही भिंत घातली की लेखकाला मोकळीक मिळते: जे घडलं नाही तेही ‘मी’च्या तोंडी घालता येतं. ‘माणदेशी माणसं’ हे १९४९चं पुस्तक तर व्यक्तिचित्रांचं, म्हणजे खऱ्या माणसांच्या आणखी जवळचं. तरी झेल्या किंवा धर्मा रामोशी वाचताना हे सगळं शब्दशः घडलं, असं लेखकाने कुठे लिहून दिलेलं नाही.

कुठल्या कागदावर किती भरवसा

गावपातळीवरचा उत्तम पुरावा बहुतेक वेळा शाळेत असतो. जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर हे आडवं, जाड, कापडी बांधणीचं बाड असतं. शाई तपकिरी पडलेली, कडा वाळवीने किंवा पावसाने खाल्लेल्या. ओळीने रकाने: अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची तारीख, कितवीत, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेवटी शेरा. ‘सतत गैरहजर’ हा शेरा मेंढपाळांच्या पोरांच्या नावापुढे दिसला तर नवल नको. चराई संपली की कळप हलतो आणि पोरगं कळपाबरोबर जातं.

आता जन्मतारखेचा रकाना बघा. ओळीमागून ओळी एक जून, एक जून, एक जून. सगळं गाव एकाच दिवशी जन्मलं का? तर नाही. पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की ते सहा वर्षांचं झालं असं समजायचं, आणि शाळा जूनला उघडते म्हणून मास्तर एक जून टाकून मोकळे. या रकान्यावरून पात्राचं वय काढायला बसलात तर फसलात. त्याच ओळीतली दाखल तारीख मात्र बरीच खरी, कारण ती त्या दिवशीच लिहिलेली असते. कागद तपासायचं हे सगळ्यात उपयोगी सूत्र: घटना घडली तेव्हा लिहिलेलं आणि नंतर आठवून किंवा अंदाजाने लिहिलेलं, यांत फरक करायचा. एकाच पानावरच्या दोन रकान्यांची किंमत सारखी नसते.

दुसरी जागा म्हणजे कोतवाल बुक किंवा गाव नमुना चौदा, म्हणजे गावातली जन्ममृत्यूची नोंद. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा हे शब्द घराघरांत गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. साहित्याच्या शोधाला त्या गडबडीचा अनपेक्षित फायदा झाला आहे, कारण कित्येक ठिकाणचे बासनात बांधलेले कागद निदान बाहेर आले आणि काहींच्या प्रतिमा निघाल्या. उलट २०१९च्या महापुरात सांगलीकडे ग्रंथालयांत पाणी शिरून जुनी पुस्तकं आणि अंक गेले, ते गेलेच. जुने अंक का लागतात? कारण बरंचसं लिखाण आधी साप्ताहिकात किंवा दिवाळी अंकात येतं आणि पुस्तक होताना लेखक त्यावर हात फिरवतो. पहिल्या छापातलं खरं आडनाव पुस्तकात बदललेलं असू शकतं. असा बदल सापडला तर तो दहा म्हाताऱ्यांच्या साक्षीइतका मोलाचा.

म्हाताऱ्यांच्या साक्षीला कमी लेखायचं नाही, पण ती घेताना सावध राहायला हवं. पुस्तक गाजलं, अभ्यासक्रमाला लागलं, त्यावर सिनेमा आला की गावाची आठवण पुस्तकाच्या बाजूला कलायला लागते. ‘बनगरवाडी’वर १९९५ मध्ये अमोल पालेकरांचा चित्रपट आला. त्यानंतर कोणी डोळ्यांनी पाहिल्यासारखा प्रसंग सांगितला, तर तो वाडीत पाहिलेला की पडद्यावर, हे सांगणाऱ्यालाही उमजत नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात दोन्ही एक झालेलं असतं.

यावर उपाय सोपा आहे. पुस्तकात जे नाही ते विचारायचं. शाळा कुठल्या बाजूला होती, पाणी कुठून आणायचे, त्या माणसाची सोयरीक कुठली, त्याची पोरं पुढे कुठे गेली. सांगणारा पुस्तकाबाहेर पडून धडधडीत तपशील देऊ लागला की त्याचं ऐकायचं. आणि पुस्तकाशी न जुळणारं काही बोलला तर कान आणखी टवकारायचे. ‘तसा नव्हता तो, पुस्तकात उगं वाढवलंय’ असं म्हणणारा साक्षीदार सोन्याच्या मोलाचा.

मग लेखकाचा स्वतःचा शब्द? तो वरचढ खरा, पण शेवटचा नव्हे. साहित्याच्या इतिहासात याचं गाजलेलं उदाहरण शेरलॉक होम्सचं. कॉनन डॉयलने १८९२ मध्ये एडिनबरोचे आपले जुने शिक्षक डॉक्टर जोसेफ बेल यांना पत्र लिहून कबूल केलं, की होम्स तुमच्यामुळेच झाला. याहून भक्कम कागद कुठला मिळणार? पण खुद्द बेल यांनी उलट डॉयललाच सुनावलं, की होम्स तूच आहेस आणि ते तुला चांगलं ठाऊक आहे. म्हणजे जो मूळ म्हणून जाहीर झाला, त्यालाच ते पुरतं मान्य नव्हतं.

बऱ्याच पात्रांचं तर एक मूळ नसतंच. डेअरीच्या कॅनमध्ये दहा गोठ्यांचं दूध एकत्र पडलं की नंतर त्यातलं कुठल्या म्हशीचं कुठलं हे सांगता येत नाही. गावातला कारभारी, बेरकी पाटील, भोळा मास्तर अशी पात्रं बहुधा तशीच जमलेली असतात. म्हणूनच सुरुवातीचे ते दोघे भांडणारे गावकरी एकाच वेळी बरोबर असू शकतात. एकाच्या चुलत्याची मिशी आणि दुसऱ्याच्या वाडीतल्या कोणाची तरी जीभ, असं ते पात्र असतं.

आटपाडीजवळचा तुरुंग

फरक मोजण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते पुस्तकाचं नाहीच, चित्रपटाचं आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ग. दि. माडगूळकरांची. तुरुंगाचा एक अधिकारी सहा खुनी कैद्यांना माळरानावर नेतो, बेड्या न घालता त्यांच्याकडून जमीन कसून घेतो. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. देशभर लोकांना ही सुंदर कल्पना वाटली. आटपाडीकरांना ती कल्पना वाटायचं कारण नव्हतं, कारण असा तुरुंग त्यांच्या शिवारात होता.

औंधच्या राजांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू केली. मागे डोकं होतं मॉरिस फ्रीडमन यांचं. हे मूळचे पोलंडचे इंजिनियर, गांधीजींच्या विचाराने भारलेले, भारतानंद नाव घेतलेले. भिंती नाहीत, कैद्यांनी शेती करायची आणि विशेष म्हणजे बायकामुलांसह राहायचं. त्याच साली औंधने गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना स्वीकारली. ही दोन्ही पावलं एकाच विचारातून पडलेली. वसाहत आजही राज्याच्या तुरुंग खात्याकडे चालू आहे. गदिमा याच तालुक्यातले, औंध संस्थानातच शिकलेले. मूळ, जागा, काळ, लेखकाची ओळख, सगळं जुळतं. इथे शंकेला जागा नाही.

आता फरक बघा. स्वतंत्रपुरात कैद्यांची कुटुंबं आहेत. चित्रपटात सहा एकटे पुरुष. स्वतंत्रपुरात राजा, सल्लागार, नियम, म्हणजे एक धोरण आहे. चित्रपटात एकटा जेलर आणि त्याची नजर. कैदी पळत नाहीत ते त्या दोन डोळ्यांच्या धाकाने आणि ओढीने. कुटुंबं ठेवली असती तर पळून न जायचं कारण साधं झालं असतं: पोरंबाळं इथेच आहेत, जायचं कुठे? गदिमांनी ते कारण काढून घेतलं आणि सगळा भार एका माणसाच्या विश्वासावर टाकला. चित्रपटाचा प्राण त्या एका काटछाटीत आहे. पण त्याची किंमतही मोजली गेली. प्रत्यक्ष प्रयोग चालला त्याचं मोठं श्रेय कुटुंबाला जातं, आणि हा शहाणपणा पडद्यावर हरवला. स्वतंत्रपूर माहीत नसणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

फकिरा: घराण्यातली गोष्ट आणि सरकारी कागद

वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. अण्णा भाऊ साठे इथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मले. ‘फकिरा’ ही त्यांची १९५९ची कादंबरी, बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. फकिरा हा त्यांच्या नात्यातला खरा माणूस होता. अण्णा भाऊंच्या चरित्रांतून एक हकिकत सांगितली जाते: ते जन्मले तेव्हा फकिराने लुटीतले सुरती रुपये ओंजळीने बाळंतिणीला आणून दिले.

या हकिकतीकडे शोध घेणाऱ्याच्या नजरेने बघा. एक तर तिच्यामुळे तारीख मिळते. ऑगस्ट १९२०च्या सुमाराला फकिरा मोकळा आणि हयात होता, असा तिचा अर्थ. म्हणजे कागद धुंडाळायचे ते त्याच्या आगेमागे. दुसरं असं, की ही अण्णा भाऊंची आठवण असू शकत नाही. तान्ह्या पोराला काय आठवणार? ती घरात पुन्हा पुन्हा सांगितली गेलेली गोष्ट आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण घरात ऐकलेली गोष्ट दरवेळी थोडी उजळत जाते, हे धरून चालावं लागतं.

कागद कुठे पडले असतील? कादंबरीतल्यासारखी खजिन्याची लूट खरंच झाली असेल तर महसूल आणि पोलीस दोन्हीकडे नोंद होणार. मांगवाड्यावर हजेरी, म्हणजे सरकारपुढे ठरल्या वेळी हजर राहायची सक्ती, लादली गेली, तर गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या कायद्याखालचे हुकूम असणार. हा कायदा मूळचा १८७१चा, आणि १९५२ पर्यंत तो पुरता गेला नव्हता. फाशीची शिक्षा झाली, तर सेशन कोर्टाच्या निकालाला हायकोर्टाची मंजुरी लागे, म्हणजे तुरुंगाचा कागद धरून तीन ठिकाणी माग उरतो. शोधायचं ते सातारा जिल्ह्याच्या नावाखाली, आणि पुराभिलेखागाराच्या पुण्या-मुंबईच्या दप्तरांत. सांगलीत नव्हे.

पण समजा कागद मिळाला, तर त्यात काय असणार? ‘दरोडेखोर’, जात, उंची, अंगावरच्या खुणा. कादंबरीत तोच माणूस उपाशी माणसांसाठी लुटणारा आणि आपल्या लोकांना सोडवण्यासाठी स्वतःहून हजर होणारा आहे. सरकारी कागद आला म्हणजे कादंबरी खोटी पडली, असं समजणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. पोलिसाने लिहिलेला कागदही कुणाच्या तरी बाजूने लिहिलेला असतो. फौजदाराला फकिरा का लुटतो यात रस नव्हता, फकिरा कुठे आहे यात होता. तारीख, जागा, रक्कम यांसाठी कागद धरावा, हेतूसाठी नाही. वारणाकाठच्या सत्तू भोसलेचंही हेच. अण्णा भाऊंनी ‘वारणेचा वाघ’ त्याच्यावर लिहिली, आणि तोही सरकारदरबारी एक बंडखोर फरारीच.

इथेच एक नाजूक गोष्ट सांगून टाकतो. फकिराचं मूळ सांगायला घराणं पुढे येतं, कारण त्यात अभिमान आहे. पण त्याच पुस्तकांतला चुगलखोर, चोर, घर सोडून गेलेली बाई, यांचीही मुळं असतील आणि त्यांचीही नातवंडं त्याच गावात नांदत असतील. शंभर उंबऱ्यांच्या वाडीत ‘ती पुस्तकातली ना, तुमची आजी’ हे वाक्य कुणाचं लग्न मोडू शकतं. लेखकाने नाव बदललं ते बऱ्याचदा याच कारणाने. आपण ते फोडून काय मिळवणार? अशी माहिती मिळाली तर वहीत राहू द्यावी. छापू नये, मोबाईलवर तर मुळीच फिरवू नये.

हरिपूरची शारदा आणि अजमेरचे सारडा

आता एक खोटी वाट, कारण ती या भागात फार मळलेली आहे. देवल हरिपूरचे, १८५५चा जन्म. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव सांगलीला लागूनच. त्यांचं ‘संगीत शारदा’ १८९९चं: पैशासाठी मुलगी विकायला निघालेला कांचनभट आणि पंचाहत्तरीचा नवरदेव भुजंगनाथ. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, त्याला सगळे ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. साहजिकच सांगलीकडे कित्येकांची खात्री आहे, की तो कायदा देवलांच्या शारदेवरून आला.

तसं नाही. तो कायदा मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा, आणि नाव त्यांच्या आडनावावरून पडलं. मराठी तोंडात सारडाचं शारदा व्हायला वेळ लागला नाही, कारण शारदा आधीच घरोघरी गायली जात होती. शिवाय मजकूरही जुळत नाही. कायद्याने वधूवरांचं किमान वय ठरवलं, मुलीचं चौदा आणि मुलाचं अठरा. नवरदेव जास्तीत जास्त केवढा असावा यावर त्यात मर्यादा नव्हती. मुलगी चौदा पूर्ण असेल तर भुजंगनाथाला त्या कायद्याचं भय नव्हतं! नाटकाचं भांडण जरठ नवऱ्याशी आणि विकणाऱ्या बापाशी, कायद्याचं भांडण कोवळ्या वयाशी. नुसत्या नावाच्या साम्यावर गेलं की असं होतं.

भुजंगनाथ म्हणजे अमुक संस्थानचा राजा, असं छातीठोक सांगणारेही आहेत. असेलही कुणाचं लग्न निमित्त. पण एका राजाच्या लग्नाने एवढं नाटक उभं राहत नाही. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईचा खटला १८८४ ते १८८८ गाजला, संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला, त्यावरून महाराष्ट्र दुभंगला होता. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर, देवलांहून वर्षाने लहान, १८८८ पासून ‘सुधारक’ हे पत्र चालवत होते. बालविवाह आणि जरठ-कुमारी विवाह हे तेव्हा रोजचं भांडण होतं, घरातही आणि छापखान्यातही. भुजंगनाथाचा पत्ता शोधायचाच असेल तर संस्थानिकांच्या वंशावळी बाजूला ठेवून त्या दहा वर्षांची वर्तमानपत्रं चाळावीत. तिथे एक नाही, पुष्कळ भुजंगनाथ भेटतील.